नेम, शिस्त आणि दुर्बीण



वसंत व्याख्यानमालेत बंदुकीच्या दुर्बिणीवर व्याख्यान ठेवावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आपण मोहने, आंबिवली, कल्याण या भागातले लोक. उल्हास नदीच्या काठी, गिरणी-कारखान्यांच्या आणि रेल्वेच्या आसऱ्याने वाढलेली ही वस्ती. येथे शिकार कोण करतो, आणि बंदूक तरी किती घरांत आहे? शंका रास्त आहे. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत नेमबाजी हा संस्थानिकांचा आणि साहेबांचा शौक राहिलेला नसून पगारदार माणसांच्या मुलामुलींचा खेळ झाला आहे. त्यामुळे पूर्वी कधी न ऐकलेला एक प्रश्न आता आपल्याकडे विचारला जातो : “बंदुकीवर बसवावयाची चांगली आणि परवडणारी दुर्बीण कोणती?” प्रश्न दुकानातला आहे, पण त्याचे उत्तर दुकानात पुरतेपणी मिळत नाही. ते मिळण्यासाठी माणसाने नेम कसा धरला, त्यात त्याला अडचण कोणती आली आणि ती त्याने कशी दूर केली, हा सारा इतिहास पाहावा लागतो. आज मी तोच थोडक्यात मांडणार आहे.

प्रारंभ आपल्या भाषेपासूनच करू. ‘नेम’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक लक्ष्य साधण्याचा, आणि दुसरा रोज न चुकता पाळावयाच्या नियमाचा. सोमवारचा उपवास हाही नेम आणि बंदुकीचा रोखही नेमच. दुसरा शब्द ‘शिस्त’. आज आपण तो शाळेतील किंवा पलटणीतील वागणुकीसाठी वापरतो. पण मूळ फारसीवरून आलेल्या या शब्दाचा जुन्या मराठीतील अर्थ नेम किंवा रोख असाच आहे. शिस्त धरणे, शिस्त बांधणे म्हणजे बंदूक लक्ष्याच्या रेषेत आणणे. नेमासाठी ज्यांनी हे दोन शब्द वापरले, त्यांना नेम हा डोळ्याइतकाच सवयीचा गुण आहे हे चांगले ठाऊक असले पाहिजे. दुर्बिणीचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मोहन्याजवळून वाहणारी आपली उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्या खाडीच्या मुखाशी १५३४ पासून पोर्तुगीज बसले होते, आणि या बाजूला १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेऊन येथे आरमाराचा पाया घातला. त्या काळची बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक. नळीत दारू आणि गोळी ठासावयाची, कानावर रंजक घालावयाची आणि जळता तोडा चापाने तिच्यावर टेकवावयाचा. नळीच्या टोकाशी बसविलेल्या बारीक उंचवट्याला आपले लोक ‘माशी’ म्हणत. मागची खाच, पुढची माशी आणि त्यापलीकडचे लक्ष्य या तीन गोष्टी एका रेषेत आल्या म्हणजे शिस्त बांधली गेली. चाप दाबल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत मात्र थोडा काळ जाई आणि तेवढा वेळ बंदूक जागची हलू न देणे हेच बरकंदाजाचे खरे कसब असे. आजच्या हवाई बंदुकीतही गोळी तुलनेने सावकाश निघते म्हणून शिक्षक मुलांना सांगतात की बार झाल्यावरही क्षणभर तसेच राहा. उपदेश तोड्याच्या काळचाच आहे.

त्यानंतर चकमकीची बंदूक आली. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी याच बंदुका घेऊन उभ्या होत्या. पुढे नारायणरावांच्या खुनाने ‘गारदी’ या शब्दाला काळिमा लागला, म्हणून त्यांच्या कवायतीचे महत्त्व आपण विसरतो. या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी तीत सैल बसे. शंभर पावलांपलीकडे एकट्या माणसावर नेम लावणे म्हणजे दैवावर हवाला ठेवणे होते. म्हणून साऱ्या रांगेने एकदम बार काढावयाचा आणि नेमाची उणीव संख्येने भरून काढावयाची, अशी ती पद्धत होती. अशा बंदुकीवर जगातील उत्तमातली उत्तम दुर्बीण बसविली असती तरी ती व्यर्थच गेली असती. यावरून खरेदीचा पहिला नियम निघतो : दुर्बीण बंदुकीच्या योग्यतेची असावी. बंदूक स्वतः जितका बारीक नेम राखू शकते, त्याहून बारीक नेम दुर्बीण देऊ शकत नाही.

नळीला आतून पेच पाडले, म्हणजे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाऊ लागते. हीच रायफल. १८५७ च्या उठावाच्या संदर्भात एनफील्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांविषयी आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्याच रायफलीवर मागे शेकडो यार्डांच्या खुणा कोरलेली, उभी करता येणारी पट्टी होती, तिची कथा मात्र कोणी सांगत नाही. त्या पट्टीने पल्ला वाढविला आणि त्याबरोबर एक नवीच अडचण पुढे आली. ती अडचण बंदुकीची नसून माणसाच्या डोळ्याची होती.

ही अडचण नीट समजून घ्यावी, कारण दुर्बिणीचे सारे मर्म तिच्यात आहे. मागची खाच डोळ्यापासून हात-दीड हातावर, माशी त्याहून दूर आणि लक्ष्य शेकडो हातांवर. डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहू शकतो. माशी स्पष्ट दिसली तर लक्ष्य धूसर होते, आणि लक्ष्याकडे पाहावे तर माशी विरते. तरुणपणी डोळा भरभर अंतरे बदलतो, म्हणून निभावते. वयाच्या चाळिशीला आपण चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणू लागतो, आणि त्या वयात नेमबाजाची माशी खरोखरच उडून जाते!

या अडचणीवर माणसाने दोन उपाय शोधले. पहिला बारीक छिद्राचा. सुईच्या छिद्रातून पाहिले, तर जवळचे आणि लांबचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो काढून, कागदाला छिद्र पाडून घरी हा प्रयोग करून पाहावा. बंदुकीच्या मागील बाजूस खाचेऐवजी असे छिद्र बसविले की काम भागते. दुसरा उपाय भिंगांचा.

दुर्बिणीचा शोध हॉलंडात १६०८ च्या सुमारास लागला आणि पुढच्याच वर्षी गॅलिलिओने ती आकाशाकडे वळविली. पण बंदुकीच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १६११. त्या वर्षी केप्लरने दोन बहिर्गोल भिंगांच्या दुर्बिणीची उपपत्ती मांडली. अशा दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा नळीच्या आतच एका ठिकाणी पडते. त्याच ठिकाणी बारीक तारा आडव्या-उभ्या ताणल्या, तर तारा आणि लक्ष्य एकाच अंतरावर असल्यासारखी दिसतात. इंग्लंडात विल्यम गॅस्कॉइन याने १६४० च्या आगेमागे अशा तारा दुर्बिणीत बसविल्या. तीन गोष्टी जुळविण्याऐवजी आता एकच खूण लक्ष्यावर ठेवावयाची राहिली. दुर्बीण लांबचे जवळ आणते, हा तिचा लोकांना दिसणारा गुण होय. नेमबाजाला मात्र तिने डोळ्याची ओढाताण संपविली, हा उपकार अधिक मोठा आहे.

प्रत्यक्ष बंदुकीवर दुर्बीण चढण्यास आणखी दोनशे वर्षे लागली. अमेरिकेत १८४० च्या दशकात चॅपमन या अभियंत्याने आपल्या ग्रंथात अशा दुर्बिणीचे वर्णन छापले, आणि १८५५ पासून विल्यम माल्कम याने त्या तयार करून विकण्यास आरंभ केला. या कथेत आपल्या मुंबई इलाख्याचाही भाग आहे. मुंबईच्या फौजेतील डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने रायफलीवर दुर्बीण बसविण्याचा ध्यास घेतला होता. पुढे व्हिटवर्थच्या प्रसिद्ध रायफलीवर जी दुर्बीण बसू लागली, ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. ती नळीच्या वर नसून डाव्या अंगाला असे. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील निवडक नेमबाजांनी ती वापरली. येथल्या नोकरीतल्या माणसाची कल्पना सातासमुद्रापलीकडच्या रणांगणावर जाऊन पोहोचावी, हा इतिहासातला एक चमत्कारिक योग होय.

यापुढचा इतिहास काचेचा आहे. जर्मनीत येना येथे १८८४ साली शॉट, ॲबे आणि झाईस यांनी शास्त्रशुद्ध प्रकाशीय काचेचा कारखाना काढला. १९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा इंग्लंडसारख्या बलाढ्य राष्ट्राला उत्तम काचेसाठी आपण शत्रूवर अवलंबून होतो याची जाणीव झाली. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो; दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग असले तर जवळजवळ एक तृतीयांश उजेड वाटेतच सांडला. १९३५ साली झाईसच्या कारखान्यात स्माकुला याने काचेवर अतिशय पातळ लेप देण्याची युक्ती काढली आणि ही गळती पुष्कळशी थांबली. दुर्बिणीच्या भिंगावर जी जांभळट-हिरवट झाक दिसते, ती याच लेपाची. स्वस्त आणि महाग दुर्बिणीतला निम्मा फरक या काचेत आणि लेपात असतो. नळीचा काळा रंग आणि वरची अक्षरे दोघींची सारखीच असतात.

आता शिकारीकडे वळू. मुंबईत १८८३ साली नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्या सभासदांत शिकारीही पुष्कळ होते. त्याच सोसायटीत एक मुलगा आपल्या हवाई बंदुकीने पाडलेली, गळ्याशी पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन चौकशीला गेला आणि पुढे सलीम अली या नावाने जगद्विख्यात पक्षिशास्त्रज्ञ झाला. हातात बंदूक घेऊन रानात शिरलेला माणूस डोळ्याला दुर्बीण लावून बाहेर आला, असा आपल्या देशातील शिकारीचा सारांश सांगता येईल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी हौसेची शिकार आपल्याकडे संपली आहे. कोकणात पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळत आला. परंतु पिके उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरावरसुद्धा वनखात्याच्या परवानगीवाचून बार टाकता येत नाही. बंदूक बाळगणे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते आणि ठरावीक शक्तीहून अधिक जोराच्या हवाई बंदुकीलाही परवाना लागतो. परदेशी जाहिराती ‘शिकारीसाठी उत्तम’ म्हणून जी दुर्बीण पुढे करतात, तिची येथल्या नागरिकाला शिकारीसाठी गरजच उरलेली नाही. पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडासाठी केलेल्या त्या जड, मोठ्या तोंडाच्या दुर्बिणीला पैसे मोजणे म्हणजे मुंबईत राहून हिमालयाची लोकरी बंडी शिवणे होय.

उरला तो लक्ष्यवेधाचा खेळ. त्याची घडी आपल्या देशात एका मराठी माणसाने बसविली, याचा आपणास सार्थ अभिमान वाटावा. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवोदितांची पहिली मोठी पायरी असते. त्या वाटेने किती मराठी माणसे पुढे गेली! अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या; सुमा शिरूर २००४ साली अथेन्सला; कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे विश्वविजेत्या झाल्या; आणि २०२४ साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले. ते मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते, हे आपल्यासारख्या रेल्वेच्या गावकऱ्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

यांपैकी एकाही पदकामागे बंदुकीवरची दुर्बीण नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण बसविण्यास मनाईच आहे. तेथे मघाचा पहिला उपाय, म्हणजे बारीक छिद्राची शिस्त, एवढीच मुभा असते. दहा मीटरवरील हवाई रायफलीच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा आणि पन्नास मीटरवर तो १०.४ मिलिमीटरचा असतो. तो या मंडळींनी मोठे करून दाखविणाऱ्या भिंगावाचून टिपला आहे. तेव्हा मुलीला किंवा मुलाला स्पर्धेत उतरवावयाचे असेल, तर पालकांनी पैशाच्या पाकिटाला हात घालण्यापूर्वी त्या स्पर्धेचा नियम विचारावा. तेथे दुर्बीण चालत नसेल, तर सर्वांत किफायतशीर दुर्बीण म्हणजे न घेतलेली दुर्बीण. तोच पैसा चांगल्या छिद्रशिस्तीला, सरावाच्या गोळ्यांना किंवा घोडीवर बाजूला ठेवून कागदावरची भोके पाहण्याच्या दुर्बिणीला लावावा. ती नियमाला धरून आहे.

दुर्बीण चालते असे प्रकारही आहेत. टेकूवर बंदूक ठेवून कागदावर नेम धरण्याचे, मैदानात निरनिराळ्या अंतरांवरील पत्र्याची लक्ष्ये पाडण्याचे, अथवा निव्वळ सरावाचे. त्यांच्यासाठी घ्यावयाची असेल तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट मोठेपणाच्या आकड्याची. दुर्बिणीवर ‘३-९ × ४०’ असे लिहिलेले असते. लक्ष्य तीनपासून नऊ पटींपर्यंत मोठे दिसेल आणि पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे आहे, असा त्याचा अर्थ. पुढच्या भिंगाच्या मापाला पटीने भागले म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी निघते. चार पटींना ती १० मिलिमीटर भरते, नऊ पटींना साडेचाराच्या आसपास. पुढचे भिंग ३२ मिलिमीटरचे आणि पट सोळा असली, तर झोत केवळ २ मिलिमीटरचा उरतो. डोळा किंचित हलला की चित्र काळे पडते. शिवाय पट वाढली की लक्ष्याबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा दिसतो. नवखा घाबरतो आणि चाप झटकतो. मोठा आकडा हा जाहिरातीचा गुण आहे.

दुसरी गोष्ट काचेची. दुकानाच्या दिव्यात सर्वच दुर्बिणी छान दिसतात. ती दाराबाहेर नेऊन समोरच्या इमारतीवरील बारीक अक्षरे पाहावीत. चित्राच्या कडेलाही अक्षरे तुटक दिसत नसतील आणि पांढऱ्या कडांना रंगीत झालर नसेल, तर काच चांगली.

तिसरी गोष्ट अंतराच्या दोषाची. बहुतेक साध्या दुर्बिणी शंभर यार्डांच्या आसपास जुळविलेल्या असतात. दहा मीटरवर त्यातून पाहिले, तर डोळा हलविताच तारा लक्ष्यावरून सरकतात. बंदूक टेकूवर स्थिर ठेवून, तिला हात न लावता डोके वर-खाली करावे. तारा जागच्या सरकल्या तर तेवढी चूक नेमात शिरणार. हवाई बंदुकीसाठी जवळचे अंतर जुळविता येणारी दुर्बीण घ्यावी. जादा पैसे द्यावयाचेच असतील, तर ते या सोयीला द्यावेत.

चौथी गोष्ट चकत्यांची. वरची आणि बाजूची चकती फिरविली की ‘कट्’ असा आवाज होऊन नेम थोडा सरकतो. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. ती शंभर मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर भरते. बहुतेक दुर्बिणींत एक ‘कट्’ पाव कलेचा, म्हणजे शंभर मीटरवर सात मिलिमीटरचा असतो. वीस ‘कट्’ वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे असा चौकोन फिरवून पुन्हा बार काढावा. गोळी पहिल्याच भोकाशी आली तर यंत्र प्रामाणिक आहे. स्वस्त दुर्बीण बहुधा येथेच उघडी पडते.

पाचवी गोष्ट धक्क्याची. दट्ट्याच्या स्प्रिंगवर चालणारी हवाई बंदूक दिसावयास गरीब, पण तिचा धक्का दुहेरी असतो. दट्ट्या पुढे सुटताना बंदूक मागे येते, आणि तो हवेच्या गादीवर आपटला की ती पुढे उसळते. भारी रायफलीचा मागचा धक्का सोसणारी दुर्बीणही या पुढच्या धक्क्याने आतून खिळखिळी होते. ‘स्प्रिंगच्या हवाई बंदुकीला चालेल’ असे हमीपत्रात लिहून घ्यावे. दुर्बीण धरणारी कडी मजबूत असावीत. सैल कड्यांतली उत्तम दुर्बीण सुट्या खाचेहून वाईट.

सहावी गोष्ट आपल्या हवेची. उल्हासकाठच्या पावसाळ्यात कपाटातल्या कातड्याला बुरशी येते, तशी ती भिंगालाही येते आणि काच कायमची डागाळते. आत नायट्रोजन भरून बंद केलेली दुर्बीण घ्यावी, आणि ती कातडी पेटीत न ठेवता ओलावा शोषणाऱ्या दाण्यांसह घट्ट डब्यात ठेवावी.

बंधुभगिनींनो, तोड्याच्या बंदुकीपासून पॅरिसच्या पदकापर्यंतच्या या प्रवासात नेमाची साधने पुष्कळ बदलली. प्रत्येक साधनाने माणसाच्या डोळ्याची एखादी उणीव भरून काढली; हाताची, श्वासाची आणि मनाची उणीव मात्र एकाही साधनाने भरून काढलेली नाही. म्हणून चांगली दुर्बीण ओळखण्याची कसोटी अशी : आपल्या डोळ्याला जे उणे आहे तेवढे ती प्रामाणिकपणे देते काय? देत असेल तर ती मध्यम किंमतीची असूनही मोलाची आहे, आणि त्याहून अधिक आकडे मिरविणारी बहुधा आपल्या पैशावर नेम धरून बसलेली असते. घरातल्या मुलामुलींना हे साधन घेऊन द्याच. पण त्याआधी त्यांना वर्षभर साध्या छिद्रातून, रोजच्या रोज, न चुकता सराव करू द्या. शिस्त या शब्दाचे जुने आणि नवे असे दोन्ही अर्थ त्यांना तेथेच उमगतील, आणि दुर्बीण हवी की नको हेही त्यांचे त्यांनाच सांगता येईल.